उरलेली पिन

आमच्या गावातले एक मास्तर दरवर्षी दिवाळी अंक काढतात. यंदा त्यांनी मला गॅरेजात गाठलं. म्हणाले, "तीस वर्षं तुम्ही लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या. लोक घरच्या घरी गाडी खोलून काय काय घोळ घालतात ते लिहा की. चार घटका हसू द्या वाचणाऱ्यांना." मी हो म्हणून बसलो. हसण्यासारखं माझ्याकडं पोत्यानं आहे.

पण लिहायला घेतलं आणि गाडी भलत्याच रस्त्याला लागली. म्हणून आधीच सांगून टाकतो, नंतर तक्रार नको. घरी गाडी खोलून सगळ्यात मोठा घोळ कुणी घातला असेल तर तो मी घातला. मी, मेकॅनिकनं. त्यात माझा धाकटा भाऊ बाळू याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. आणि तो माझ्या हातानं गेला, हे मी त्याला सात वर्षं सांगितलं नाही.

आमचं गॅरेज नांद्यात, रस्त्याला लागून आहे. पूर्वी समोर भातखाचरं होती, आता बारा मजल्यांची सोसायटी आहे. पूर्वी गाड्या यायच्या त्या दूधवाल्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या. बिघडल्या तर ढकलत आणायचे, आणि तोवर कुणी हात लावायचा नाही. आता मारुंजीकडनं कंपनीतली पोरं येतात. त्यांच्या हातात मोबाईल असतो आणि मोबाईलमध्ये सगळं दाखवतात. खोलायचं कसं ते तर फारच छान दाखवतात. अहो, खोलायला काय लागतं? खोलतो कुणीही. जे जिथनं काढलं ते तिथंच, तेवढंच आवळून परत बसवणं, याला म्हणायचं मेकॅनिक. बाकी आमच्या धंद्यात दुसरी विद्या नाही.

एक पोरगा गाडी ढकलत आला, हँडलला प्लास्टिकची पिशवी अडकवलेली. पिशवीत एक स्प्रिंग, दोन वायसर आणि एक पितळी स्क्रू. म्हणाला, "काका, कार्बोरेटर साफ केला रविवारी. हे एवढं उरलं."

"उरलं? भाजी केलीस का तू?"

"नाही म्हणजे, गाडी चालू झाली होती. मला वाटलं एक्स्ट्रा दिलं असेल कंपनीनं."

कोळवणात फार्महाऊस घेतलेले एक साहेब होते. स्वभावानं अगदी देवमाणूस. गाडीत एक लिटर ऑइल लागतं, तर त्यांनी गळ्यापर्यंत भरलं. का, तर माप बघायची काडी असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि जास्त तेल म्हणजे जास्त माया असा त्यांचा हिशोब. गाडी चालू केल्यावर असा पांढरा धूर निघाला, की शेजारचा शेतकरी गोठा पेटला म्हणून बादली घेऊन पळत आला.

आणि एक शाळेतल्या बाई. नवरात्रात, खंडेनवमीला, गाडीची पूजा करायची म्हणून त्यांनी गाडी धुतली, पुसली आणि पुढच्या ब्रेकची गोल चकती चमकावी म्हणून तिला खोबरेल तेल लावलं. आरती झाली, हार घातला, गाडी काढली आणि ब्रेक दाबला. तेल लावलेला ब्रेक काय धरतो? सरळ सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत गेल्या, बिचारा डबा खात बसला होता. सुदैवानं कुणाला लागलं नाही.

या बाईंना उत्तर बाळूनं दिलं होतं. "ताई, तेल देवाला घालायचं असतंय. ब्रेकला न्हाई." बाई हसल्या, मी हसलो, बाळू तर डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसला. पाय गेल्यापासनं बाळू माझ्याच गॅरेजात काउंटरला बसतो. स्पेअर पार्ट काढून देतो, बिल लिहितो, अक्षर मोत्यासारखं आहे. काउंटरवर त्यानं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवलाय. लोकांनी घरी गाडी खोलून जे जे उरवलं, ते त्यात टाकतो. नवं गिऱ्हाईक आलं, की डबा खडखडून दाखवतो आणि म्हणतो, "ह्ये बगा. ही समदी हुशार मानसं. घरी कशाला हात घालता? आमच्या दादाकडं आणा. दादानं आवळलेला नट जल्मात ढिला होत न्हाई."

हे वाक्य मी सात वर्षं ऐकलं. दिवसातनं दोनदा, तीनदा. ऐकायचं आणि मान खाली घालून पाना फिरवत राहायचं. नरक म्हणतात तो काय वेगळा असतो का?

आता ते सांगतो.

बाळू तेव्हा दूध घालायचा. पहाटे गोठ्यातनं दूध गोळा करायचं, गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन लावायचे आणि मारुंजीच्या सोसायट्यांत वाटायचं. गाडी साधीच, मागं ड्रमचा ब्रेक. खंडेनवमीच्या दिवशी दूध घालून आला आणि म्हणाला, "दादा, मागचा ब्रेक लागंना झालाय. उद्याच्याला दसरा, दूध डबल जायाचंय. बग की जरा."

गॅरेज त्या दिवशी धुवायला काढलं होतं आणि सगळी हत्यारं पूजेसाठी घरी आणली होती. म्हटलं, सोड इथंच अंगणात, घरच्या घरी करून टाकतो. मागचं चाक काढलं, ब्रेकचे लायनर घासून गेले होते ते बदलले, चाक परत चढवलं.

इथं एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. मागच्या चाकात ब्रेकची एक गोल प्लेट असते. ब्रेक दाबला की ती चाकाबरोबर फिरायला बघते. तिनं फिरू नये म्हणून लोखंडाची एक पट्टी तिला गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवते. त्या पट्टीला एक नट. नट सुटू नये म्हणून बोल्टच्या भोकातनं एक कॉटर पिन घालायची आणि तिचे दोन्ही पाय फाकवायचे. पिन करंगळीच्या पेरापेक्षा मोठी नसते. ती नसली आणि नट ढिला असला, की तो हादऱ्यानं फिरत फिरत गळून पडतो. मग ब्रेक दाबल्याबरोबर प्लेट गरकन फिरते आणि चाक जागच्या जागी आवळलं जातं. माणूस कितीही चांगला चालवणारा असू दे, त्याच्या हातात काही राहत नाही.

तो नट मी बोटांनी फिरवून बसवला आणि चौदाचा पाना घ्यायला हात मागं केला. पाना नव्हता. पायरीवर ठेवलेली पिनही दिसेना. तेवढ्यात माझी बायको सुमन दारात आली.

"आवं, उठा आता. पूजा खोळंबलीया."

"अगं, माझा चौदाचा पाना कुठंय?"

"मांडला की. समदी हत्यारं धुवून, पुसून मांडली. हळद-कुंकू लागलं त्यास्नी. आता उद्याच घ्या."

आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, घालून दिलेला नियम आहे. पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाहिल्याशिवाय उचलायचं नाही. आबांचा कोयता असो नाहीतर माझा पाना, त्याला एक दिवस विसावा. एरवी मी देवधर्माचा फार नाही, पण हा नियम कधी मोडला नाही. गंमत बघा, गाडीलाही हळद-कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, पण पूजा झालेली गाडी बाहेर काढायला कुणाची हरकत नसते. पान्याला तेवढी बंदी. मी म्हटलं, ठीक आहे. उद्या सकाळी नट आवळू, नवी पिन घालू, मग बाळूला गाडी देऊ. हात धुतले आणि पूजेला बसलो.

दसऱ्याला पहाटे मी अंगणात दात घासत उभा होतो. बाळू कॅन घेऊन आला, गाडीला अडकवले, हार नीट केला. मला म्हणाला, "दादा, झाली का गाडी?"

मी म्हणालो, "झाली. ने."

तीस वर्षं दिवसातनं वीस वेळा हा प्रश्न विचारतात आणि वीस वेळा मी हे उत्तर देतो. त्या सकाळी मी नाही, माझ्या जिभेनं उत्तर दिलं. पण हे म्हणून सुटका होत नाही. जीभ माझीच होती.

चूळ भरताना ढिला नट आठवला. फोन लावला. वाजला, त्यानं उचलला नाही. गाडीवर असेल म्हटलं. खरं तर तसाच माझी गाडी काढून त्याच्यामागं जायला हवं होतं. गेलो नाही. इतक्यात काय होतंय, आठला येईलच परत, असं स्वतःला सांगितलं आणि गॅरेजला तोरण बांधायला गेलो. शिडीवर होतो तेव्हा फोन आला, की बाळू पडलाय.

मारुंजीकडं जाताना ओढ्यावर एक बुटका पूल लागतो, त्याच्या अलीकडं उतार आहे. समोरनं मेंढरं पुलावर आली म्हणून बाळूनं ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली आणि भरलेल्या कॅनांसकट घसरत जाऊन दगडी कठड्यावर आपटली. पाय मधे. मी पोचलो तेव्हा लोकांनी त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं. रस्त्यावर दूध सांडलं होतं, झेंडूची फुलं पडली होती, आणि मेंढपाळ म्हातारा कठड्याला टेकून उभा होता. मला म्हणाला, "माजी मेंढरं आडवी आली रं बाबा. माज्यामुळं झालं." त्याचा तो समज मी तसाच राहू दिला.

मी गाडीकडं गेलो. पट्टी लोंबत होती. नट नव्हता.

माणसं सांडलेल्या दुधावर माती टाकत होती, मेंढरं हाकत होती, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या गाडीच्या डिकीत नट-बोल्टांची पुडी असते आणि कंपनीचं छोटं टूलकिट. त्यातला चौदाचा पाना काढला, नवा नट लावला, कचकचून आवळला, पिन घातली, पाय फाकवले. हवालदार आले तोवर पट्टी जागेवर होती. ब्रेकची सळई वाकली होती, ती पडल्यानं वाकली असं कुणालाही वाटावं. त्यांनी लिहून घेतलं, ब्रेक ठीक, गाडी भरधाव.

पाना काढला तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, की हा पाना कालही डिकीतच होता. त्याला कुणी हळद लावली नव्हती. आबांचा नियमही मोडला नसता. नुसतं उठून दहा पावलं जायचं होतं.

आणखी एक गोष्ट मी तिथं पाहिली. डांबरावर टायरचा ओरखडा उठला होता, दोन-अडीच हात असेल. गाडी जोरात असती तर तो लांबलचक उठला असता. उतारावर, कॅन भरलेले, तरी एवढासा. म्हणजे बाळू अगदी हळू होता. हे मला कळलं आणि मी हवालदारांसमोर उभा राहून 'भरधाव' हा शब्द ऐकून घेतला.

दवाखान्यात पाय कापल्यावर दोन दिवसांनी बाळू नीट शुद्धीवर आला. पहिल्यांदा मला काय विचारलं असेल? "दादा, त्या दिशी तुजा फोन आलता. काय म्हणत व्हतास?"

मी म्हणालो, "काही नाही रे. दुपारी सोनं द्यायला घरी ये, म्हणत होतो."

घरी आलो, तर सुमन पूजेचं निर्माल्य काढत होती. झेंडूच्या फुलांखालनं तिला एक पिन सापडली. पायरीवरनं हत्यारं गोळा करताना तिनं तीही उचलून पाटावर मांडली होती. तिच्यावरही हळद-कुंकू होतं. "आवं, ही कशाची वो?" मी म्हटलं, कशाची नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि परत कधी विचारलं नाही. पिन मी देव्हाऱ्याच्या खणात टाकली. फेकून द्यायचं धाडस झालं नाही.

मग सात वर्षं. बाळूची बायको शोभा स्वभावानं वाईट नाही, पण पोरं लहान, दुधाचा धंदा बुडालेला, जीव जळणारच. भांडण निघालं की तिचं एकच, "दसऱ्याच्या दिशी येवढी कसली घाई झालती तुमास्नी? कशापायी उडवत व्हता गाडी?" पहिलं वर्षभर बाळू म्हणायचा, मी न्हाई उडवली. मग म्हणायचा, आसंल. मग तोच सगळ्यांना सांगायला लागला, की चूक माझीच, जोरात होतो. मी समोर असायचो. आज सांगू, सणानंतर सांगू, त्याचं नवं जयपूर फूट बसलं की सांगू. भेकड माणसाला निमित्तांची कमी पडत नाही.

तर मास्तरांसाठी मी लेख लिहिला. पिशवीवाला पोरगा, धूरवाले साहेब, खोबरेलवाल्या बाई, असा चार पानांचा. अक्षर माझं कोंबडीच्या पायाचं, म्हणून बाळूला म्हटलं, सुंदर अक्षरात उतरवून दे. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. बाळू वाचत गेला, हसत गेला. शेवटचं पान ठेवलं आणि म्हणाला,

"दादा, ह्यात माजं बी घाल की."

"तुझं काय?"

"घाल, मेकॅनिकचा भाऊ, पन दसऱ्याला भरधाव गेला आन् पाय घालवून आला. लई हसतील लोकं."

आणि तो हसला. खरंच हसला. मी शटर निम्मं खाली ओढलं, त्याच्यासमोर स्टूल घेतलं आणि सगळं सांगितलं. पाना, पूजा, 'झाली, ने', फोन, पुलावर लावलेला नट. एक ओरखडा तेवढा सांगायचा राहिला. मी रडलो. तो नाही रडला.

बराच वेळ तो पत्र्याच्या डब्यातले स्क्रू चाळवत राहिला. मग म्हणाला, "पिन कुटं हाय?"

घर मागंच आहे. खणातनं पिन आणून दिली. तिच्या फाकवायच्या पायांच्या फटीत अजून हळद होती. त्यानं ती तळहातावर घेतली.

"ही? येवडीशी?"

मी मान हलवली.

"दादा, मी हळू व्हतो त्या दिशी." आवाज अगदी बारीक होता. "कॅन भरल्याले, म्होरं उतार. तितं मी कदी जोरात न्हाई जात. पन समदी म्हणाया लागली, कागदावर आलं, शोभी म्हणाया लागली. मग मला बी वाटाय लागलं, आसंल. मी जोरातच आसंल. सात वर्सं मी माज्याच जिवाला शिव्या देतुया, दादा." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मी हळू व्हतो ना? तू मेकॅनिक हायेस. तुला कळतंय. सांग की."

"हळू होतास," मी म्हणालो. "ओरखडा पाहिला मी. एवढासा होता. अगदी हळू होतास बाळू."

"तवाच पायलास?"

"तेव्हाच."

त्यानं पिन डब्यात टाकली आणि झाकण लावलं. कुबडी घेऊन उठला. शटरखालनं वाकून जाताना त्याला त्रास झाला, मी हात पुढं केला, तो त्यानं धरला नाही. बाहेर जाऊन थांबला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्ये हसायचं ऱ्हाऊ दे. ह्ये लिव्ह. मी हळू व्हतो, येवडं नीट लिव्ह. शोभीला वाचून दावायचंय."

त्याला आता सव्वा महिना झाला. बाळू गॅरेजात आलेला नाही. मी दोनदा घरी गेलो, दोन्ही वेळा त्याची पोरगी बाहेर आली आणि म्हणाली, आप्पा झोपलेत. गिऱ्हाईकं विचारतात, बाळूशेठ कुठं गेले? बिलं मीच लिहितो, कुणाला वाचता येत नाहीत. गाडी देताना 'झाली' म्हणायच्या आधी प्रत्येक नट दोनदा बघतो. त्याचा आता काय उपयोग, ते तुम्हीच सांगा.

यंदा खंडेनवमीला सुमननं पाट मांडला. मी एकही हत्यार दिलं नाही.

मास्तर, लेख बदलला, रागावू नका. हा नको असेल तर छापू नका, पण शेवटची ओळ तेवढी कुठंतरी छापा, मोठ्या अक्षरात. बाळूनं सांगितलीय, आणि माझ्याकडनं तिला सात वर्षांचा उशीर झालाय.

शोभा, त्या सकाळी बाळू गाडी हळू चालवत होता.